कॅनियनच्या काठावरची गारठलेली रात्र

अमेरिकेतील ग्रँड कॅनियनचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ते मी पुन्हा करीत बसत नाही. तिथल्या एका रात्रीची हकीकत तेवढी सांगतो.

तिकडे नोकरीस असलेल्या धाकट्या भावाने मोटारहोम भाड्याने घेतली होती. चाकांवरचे घरच ते! शेगडी, बिछाने, शौचालय, सारे आत. भाऊ, भावजय, मी आणि पंचाहत्तरीची आई असे चौघे होतो. ऑक्टोबर महिना. दक्षिण काठ सुमारे ७००० फूट उंच, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून अधिक. मॅथर कॅम्पग्राउंडवर झाडीत जागा मिळाली. तिथे गाडीला वीजजोडणी नसते. दोन दिवस गाडी जागची न हलवता आम्ही तिथल्या मोफत बसने हिंडलो.

दुसऱ्या रात्री आई म्हणाली, "पाय गारठले रे." हीटरचा पंखा फिरत होता, पण वारा थंडच. बंद करून पुन्हा लावला, तरी ज्योत नाही. गॅस संपला म्हणावे तर शेगडी निळी पेटली. भावजय म्हणाली, मग शेगडीच राहू द्या. भावाने ती तत्काळ विझवली. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. मनातून मीही भावजयीच्याच बाजूचा होतो, हे कबूल करतो.

भाऊ बाहेर टाकी तपासू लागला, तेव्हा शेजारच्या गाडीतले वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी गॅसचे काही विचारलेच नाही. बॅटरीचा आकडा विचारला. साडेदहा व्होल्ट! या हीटरात पंख्याच्या वाऱ्याने एक पातळ पट्टी ढकलली जाते, स्विच दबतो, आणि मगच गॅसची झडप उघडते. वारा अपुरा असेल तर गॅस सोडायचाच नाही, अशी सुरक्षेची सोय. आमचा पंखा फिरत होता, पण जोर नव्हता. दिवे, पंप, पंखा असा दोन दिवस नुसता खर्च. जमा काहीच नाही. वीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माझ्या हे ध्यानात येऊ नये!

रात्री जनरेटर लावायला मनाई. गृहस्थ म्हणाले, गाडी फिरवून आणा, इंजिनवर बॅटरी भरेल. आईला रजयांत गुंडाळून निघालो. रस्त्याकडेला एल्क जातीची, बैलाएवढी हरणे उभी होती. तासाभराने एका वाहनतळावर थांबलो. इंजिन चालूच ठेवून हीटर लावला. पंख्याचा आवाज चढला, टिकटिक झाली, आणि आत भप्पकन ज्योत पेटली.

परतल्यावर भावाने हीटर पंधरा अंशांवरच ठेवला. आई डोळे मिटूनच म्हणाली, "आता तो दिवा तरी बंद करा."