बाबांचे थेंब

आमच्या बाबांना काचबिंदू आहे. गेली सहा वर्षे रात्री झोपताना आई त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. गेल्या दिवाळीत ओळखीचे एक गृहस्थ पनवेलला घरी आले. म्हणाले, "ब-3 जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, थेंबांची गरजच नाही." बाबांना पटले. महिन्याचा खर्चही वाचणार होता. आम्ही ऑफिस आणि मंडळाच्या कामात गुंतलेलो; दोन महिने आम्हांला पत्ताच नव्हता. तपासणीला नेले तेव्हा डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले. गोष्ट अगदीच खोटी नाही. 2020 साली मेलबर्नच्या संशोधकांनी 57 रुग्णांवर निकोटिनामाइड, म्हणजे ब-3 चाच एक प्रकार, तपासून पाहिला. काहींच्या दृष्टिपटलाचे काम सुधारले. पण या रुग्णांचे नेहमीचे उपचार चालूच होते. 2022 साली स्वीडनमध्ये दोन वर्षांची चाचणी सुरू झाली. मेलबर्नचा डोस दिवसाला तीन ग्रॅमपर्यंत होता, म्हणजे रोजच्या गरजेच्या सुमारे दोनशे पट! एवढ्याने यकृताला इजा होऊ शकते.

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी सांभाळायची. हा आजार रक्ताच्या नात्यातही येऊ शकतो, म्हणून आम्ही भावंडांनीही डोळे तपासून घेतले.

वाचक बंधू-भगिनींनो, नव्या औषधाची आशा जरूर धरा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नका. आता रात्री नऊला आम्ही स्वतःच बाबांजवळ बसतो.