ढोकीच्या वाटेवरील सोबती

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावर वसले आहे. कुंथलगिरीच्या यात्रेला या जिल्ह्यात येणाऱ्या, किंवा लातूर आणि बार्शीच्या बाजारपेठांशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार असणाऱ्या कुटुंबांच्या कानांवरून हे नाव कधी ना कधी गेलेले असते. तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळेही ते दूरवर माहीत झाले. तरीही मुद्दाम उतरून पाहावे असे ठिकाण म्हणून ढोकीचे नाव सहसा कोणी घेत नाही. काळ्या मातीची शिवारे, उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, रेल्वेचे स्थानक, असे हे गाव मराठवाड्यातील इतर अनेक गावांसारखेच दिसते. परंतु गावाजवळून जाणारा लोहमार्ग आणि शेजारचे तेर यांच्या इतिहासात दिवंगत सोबत्यांच्या स्मरणाच्या काही कथा दडलेल्या आहेत. त्यांतली एक आकाशात नेते, दुसरी कारखान्यात, तिसरी संगीतात.

हा मार्ग मुळात ‘बार्शी लाईट’चा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी ही रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९०७ मध्ये निजामाच्या राज्यात तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये ढोकीवरून लातूरला भिडली. कॅलथ्रॉपची युक्ती साधी आणि हिशेबी होती. इंजिन असो वा मालडबा, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरत, खर्च आवाक्यात राही आणि तरीही गाडी भरपूर माल वाही. कापूस आणि गळिताची धान्ये बाजाराला नेणाऱ्या व्यापाऱ्यांचे दळणवळण या छोट्या गाडीने बदलून टाकले. आषाढी-कार्तिकीला हीच गाडी वारकऱ्यांना पंढरपुरास नेई.

या मार्गाच्या येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या तुकड्याचे काम ज्या कंत्राटदारांनी घेतले, त्यांत सोलापूरच्या दोशी घराण्यातील एक तरुण होता. त्याचे नाव वालचंद हिराचंद. जन्म २३ नोव्हेंबर १८८२. वडील हिराचंद नेमचंद यांची सराफी आणि कापसाची पेढी होती. ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे प्रवर्तक म्हणूनही समाज त्यांना ओळखतो. पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करणे वालचंदांच्या मनाला मानवेना. अशा वेळी त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून कंत्राटांकडे वळले होते. एकाकडे रेल्वेच्या कामाची माहिती, दुसऱ्याकडे घराण्याची पत आणि धाडस. ‘फाटक-वालचंद’ या नावाने भागीदारी झाली. भांडवलदाराच्या आधी जाणकाराचे नाव, हा क्रम व्यापारी वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. पुढे बोरघाटातील बोगदे, जहाजे, साखर, मोटारी असा जो विस्तार झाला, त्याचे मूळ ढोकीच्या शेजारच्या या सात मैलांत आहे.

आता त्याच मार्गाच्या मूळ शिल्पकाराकडे पुन्हा वळू. कॅलथ्रॉप रेल्वेतच रमला असता, तर त्याचे नाव लोहमार्गांच्या इतिहासापुरतेच उरले असते. परंतु रोल्स-रॉईस मोटारीच्या नावातील चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र होता. रोल्सला उड्डाणाचे विलक्षण वेड. २ जून १९१० रोजी त्याने न थांबता इंग्लिश खाडी जाऊन-येऊन पार केली, आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १२ जुलै १९१० रोजी, बोर्नमथ येथील उड्डाणमेळ्यात त्याच्या विमानाचा शेपटीकडील भाग मोडला. विमान फार उंचीवर नव्हते, तरीही बत्तीस वर्षांचा रोल्स जागीच गेला. विमान अपघातात प्राण गमावलेला तो पहिला ब्रिटिश वैमानिक ठरला.

मित्र गेल्यावर माणूस शोक करतो, त्याची आठवण काढतो आणि कालांतराने कामाला लागतो. कॅलथ्रॉपचे कामच बदलले. पन्नाशी ओलांडलेला हा रेल्वे अभियंता हवाई छत्रीच्या मागे लागला. मोडलेल्या विमानातून माणसाला सुखरूप खाली आणता आले असते, तर रोल्स वाचला असता का, हा प्रश्न त्याने आपल्या उरलेल्या आयुष्याचा केला. १९१३ मध्ये त्याने पहिले एकस्व घेतले. पुढे तयार झालेल्या छत्रीला त्याने ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत, असे नाव दिले. पहिले महायुद्ध सुरू होते. वैमानिक रोज मरत होते. चाचण्या यशस्वी होऊनही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या वैमानिकांना ती छत्री दिली नाही. छत्री हाताशी असली की वैमानिक लढण्याऐवजी विमान सोडून देईल, अशी शंका त्यामागे होती, असे सांगितले जाते. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी मात्र तीच छत्री वापरली गेली. शॅकलटनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेतून परतलेल्या ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने तर १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ती छत्री बांधून उडी मारली, केवळ ती भरवशाची आहे हे दाखवण्यासाठी. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये छत्र्या मिळू लागल्या. ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत त्या मिळाल्या नाहीत. आपल्या मित्रासारखे मरण इतरांच्या मित्रांना येऊ नये म्हणून जे केले, ते तयार असूनही वापरले जात नाही, हे पाहणे कॅलथ्रॉपला किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी. १९२७ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात छत्री ही वैमानिकाच्या वेषाइतकीच नित्याची झाली.

बार्शी लाईटवरून आकाशाकडे गेलेला कॅलथ्रॉप एकटाच नव्हे. याच मार्गावर कंत्राटदारीचा श्रीगणेशा करणारे वालचंद हिराचंद १९३९ मध्ये अमेरिकेहून पूर्वेकडे विमानाने प्रवास करत असताना विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाला भेटले. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणाऱ्या या गृहस्थाशी झालेल्या बोलण्यातून भारतात विमाने बांधण्याचा विचार पक्का झाला. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये तेथे जुळवलेले पहिले विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने युद्धाच्या निमित्ताने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. कारखाना हातातून गेला, पण विमाने बांधण्याचे काम थांबले नाही. कोल्हापूर भागातून आलेले विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथेच रचलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ मध्ये आकाशात गेले. वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी निधन झाले, तेव्हा ते विमान उडू लागून दोन वर्षेही झाली नव्हती.

आकाशाची ही कथा येथे थांबवून ढोकीहून तेरची वाट धरावी. तेरणेच्या काठावरील हे गाव व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तर तीर्थच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ नावाच्या मोठ्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या या नगरातून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई, असे तो लेखक लिहितो. ते तगर म्हणजेच तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मणी, मृण्मूर्ती आणि नाणी पाहावयास मिळतात. तेरला सापडलेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य थेट इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी आहे. तेरमध्ये भगवान महावीरांचे प्राचीन मंदिर आहे, विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे, आणि नदीकाठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे.

गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली होती, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी असते, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे ठोकून पाहण्यासाठी, असे सांगून गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर ते थापटणे हळूच मारले. सर्व शांत राहिले. नामदेव मात्र रागावले आणि ‘कच्चे’ ठरले. परंपरा सांगते की तेथूनच ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन परतले.

या कथेचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ज्या नामदेवांना त्या दिवशी कच्चे ठरवण्यात आले, त्यांच्याच वाट्याला पुढे सोबत्यांच्या स्मरणाचे काम आले. ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली होती. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि मागोमाग सोपानदेव, मुक्ताबाई, निवृत्तिनाथही गेले. नामदेव त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे जगले. त्या यात्रेचे आणि त्या समाधीचे वर्णन करणारे अभंग त्यांच्या नावावर आहेत. मित्र कसा होता, शेवटच्या दिवशी कोण कोण जमले, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे सारे त्यांत येते. कोरडी बखर त्यांनी लिहिली नाही, कारण बखर एकट्याने वाचायची असते. अभंग मात्र टाळ-मृदंगावर, दहा जणांनी मिळून म्हणायचा असतो. म्हणणाऱ्याला ज्ञानेश्वर प्रत्यक्ष ठाऊक नसले, तरी चाल आणि ताल त्याला त्या मंडळीत नेऊन बसवतात. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा येते, म्हणजे स्मरण करणाऱ्याचेही स्मरण त्याच दमात होते. सातशे वर्षे ही व्यवस्था चालत आली आहे. आजही कीर्तनाला सुरुवात झाली की गेलेले सोबती एकेक करून नावानिशी येतात.

कॅलथ्रॉपने मित्रासाठी छत्री केली आणि नामदेवांनी मित्रासाठी गाणे केले. दोहोंची जात वेगळी, परंतु दोघांनीही शोक स्वतःजवळ साठवून ठेवला नाही. जो मित्राला पाहिलेलाही नाही, अशा माणसाच्या उपयोगी पडेल असे त्याचे रूप केले. छत्रीने कोणाचा तरी जीव वाचतो, अभंगाने कोणाचे तरी मन सावरते, आणि लाभ घेणाऱ्याला रोल्स कोण होता हे ठाऊक असण्याची गरजही पडत नाही.

आणि फाटक? वालचंदांचे नाव वालचंदनगराला आहे, सांगली आणि सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. १९२० मध्ये ‘फाटक-वालचंद’ची जागा ‘टाटा कन्स्ट्रक्शन’ने घेतली आणि पाटीवरून पहिले नाव उतरले. आज ते नाव फार थोड्यांच्या ओठी येते. व्यापारी घरांमध्ये असे नेहमीच घडते. पेढी वाढते, नातवंडांना आजोबांची तसबीर ओळखता येते, परंतु पहिल्या पडत्या दिवसांत ज्याने काम शिकवले, ज्याने रात्री जागून हिशेब लावला, तो भागीदार जुन्या चोपड्यांच्या पानांतच राहतो. त्याच्या घराण्याशी येणे-जाणे थांबते आणि मग नावही थांबते.

येडशी आणि ढोकी यांच्यामध्ये गाडीतून जाताना बाहेर पाहिले, तर आज नॅरोगेजचे रूळ दिसणार नाहीत. २००७-०८ मध्ये येथे ब्रॉडगेज झाली. येडशीजवळ रामलिंगाची वनराई आहे, पुढे कळंब रोड स्थानक, मग ढोकी. मध्यंतरी अनेक वर्षे बंद राहिलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीकडे पाहून जुनी माणसे भोंग्याच्या वेळा अजून सांगतात. सकाळी उतरणाऱ्याने तेरला जाऊन संग्रहालय आणि मंदिरे पाहावीत, आणि शक्य तर सांजवेळेपर्यंत थांबून गोरोबांच्या समाधीपाशी भजन ऐकावे. परतताना त्या सात मैलांवर, बरोबरच्या मुलांना, लक्ष्मणराव बळवंत फाटक हे नाव एकदा मोठ्याने सांगावे. आणि येत्या दिवाळीला वहीपूजन करताना आपल्या पेढीच्या पहिल्या वहीत कोणाकोणाची नावे होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच ते विचारता येईल.