झेंडूचा रंग

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर झेंडूची रास होती आणि शेजारी पांढऱ्या रांगोळीची कड. रंग पक्के केले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रूफ हातात आलं. झेंडू लिंबासारखे पिवळे आणि रांगोळी निळसर!

प्रेसमधल्या काकांनी फाइल उघडून थेट आकडेच बघितले. "ताई, मजेंटा फारच कमी ठेवलाय. केशरी येणार कुठून?"

छपाई चोख होती. चूक माझ्या टेबलावर झाली होती. सूर्यास्तानंतर माझ्या कॉम्प्युटरवर नाइट लाइट आपोआप सुरू व्हायचा. तो स्क्रीनचा निळा प्रकाश कमी करतो, त्यामुळे सगळंच तांबूस दिसतं. डोळा सरावत जातो, त्यामुळे स्क्रीन बदलली आहे हेच लक्षात येत नाही. झेंडू फार लालसर वाटले म्हणून मी मजेंटा उतरवला. रांगोळी पिवळट वाटली म्हणून तिच्यात सायन घातला. जो दोष चित्रात नव्हताच, तो मी रात्रभर दुरुस्त करत बसले होते.

फोटोग्राफर मैत्रिणीकडून मग रंग मोजायचं उपकरण आणलं. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा, मग ते काचेवर टेकवायचं. ते एकेक रंग मोजतं आणि स्क्रीन नेमकी कशी आहे याची नोंद तयार करतं. तीच प्रोफाइल. मी दोन करून ठेवल्या. 'वेब'साठी पांढरा रंग ६५०० केल्व्हिनचा आणि उजेड दर चौरस मीटरला १२० कँडेला. 'छपाई'साठी ५००० केल्व्हिन आणि उजेड ९०, कारण कागद स्वतः उजेड देत नाही, तो दिव्याचाच उजेड परत पाठवतो.

तरी पुढच्याच कामात फसले. विंडोजच्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन प्रोफाइल बदलली, पण मॉनिटरची बटणं 'वेब'च्याच उजेडावर राहिली होती. प्रोफाइल ही स्क्रीनच्या एका ठरावीक अवस्थेची नोंद असते. अवस्था वेगळी आणि नोंद वेगळी, म्हणजे एकाच्या नंबरचा चष्मा दुसऱ्याच्या डोळ्यावर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती. म्हणून आता मॉनिटरच्या मेनूतही त्याच दोन अवस्था साठवल्या आहेत. आधी मॉनिटर बदलते, मग प्रोफाइल, मग फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडते. नाइट लाइटचं बटण वेगळं असतं. प्रोफाइल कितीही बरोबर असली तरी तो तिच्यावर आपला तांबूस थर चढवतोच. त्यामुळे तो आधी बंद.

डोळ्यांना त्या तांबूस उजेडानं आराम वाटतो, हे खरं. रात्री मजकूर वाचायला, मुद्रितं तपासायला मी तो आजही लावते. रंगाला मात्र हात लावत नाही.

ते लिंबाच्या रंगाचं प्रूफ मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं आहे. रात्री जागून अंक, लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या माझ्या सोबत्यांना एकच विनंती : मजेंटाला हात लावण्याआधी नाइट लाइट बंद आहे ना, एवढं बघा.