चामराजपुरम ते दोड्ड गडियार : पहिल्या स्वयंचलित घड्याळाची खरेदी

म्हैसूरच्या मुख्य स्थानकावरून नंजनगूड-चामराजनगरकडे जाणारी गाडी सुटली, की काही मिनिटांतच चामराजपुरम हे लहानसे स्थानक लागते. राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग यांच्या ओढीने म्हैसूरला येणारे प्रवासी सहसा येथे उतरत नाहीत. पण ज्यांना हे शहर पायी पाहावयाचे आहे, त्यांनी येथूनच निघावे. महाराजा कॉलेज आणि विद्यापीठाचा क्रॉफर्ड हॉल येथून जवळच आहेत. वडियार घराण्यातील चामराज राजांचे नाव मिरविणाऱ्या या वस्तीतून पूर्वेकडे चालत गेले, की कृष्णराज चौक ओलांडून आपण म्हैसूरच्या जुन्या बाजारपेठेत येऊन पोहोचतो. आपल्याला पहिलेच स्वयंचलित मनगटी घड्याळ घ्यावयाचे असेल, तर ही वाट आपल्याला बरेच काही शिकवील.

बाजारात दोन घड्याळ-मनोरे आहेत. देवराज मार्केटजवळचा तो 'चिक्क गडियार', म्हणजे लहान घड्याळ. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या भेटीची आठवण म्हणून तो १८८६ मध्ये उभारण्यात आला. टाउन हॉलजवळचा सुमारे ७५ फूट उंचीचा 'दोड्ड गडियार', म्हणजे मोठे घड्याळ, नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ मध्ये उभा राहिला. त्याच्या तबकडीवरील अंक कन्नड आहेत. 'गडियार' आणि आपले 'घड्याळ' ही भावंडे आहेत, हे कानाला लगेच कळते. ज्या काळी घरोघरी घड्याळे नव्हती, त्या काळी बाजारकरी आणि विद्यार्थी अशा मनोऱ्याकडे मान वर करून वेळ पाहत. मनगटावर घड्याळ बांधणे ही सुखवस्तूंची मिरास होती.

ही मिरास सामान्य माणसाच्या हाती आली ती म्हैसूरपासून सुमारे १४५ किलोमीटरवरील बंगळूरमुळे. सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये तेथे मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला, आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. 'जनता' आणि 'पायलट' ही चावीची घड्याळे, तर 'कांचन' आणि 'रजत' ही स्वयंचलित. परीक्षेत यश मिळविलेल्या मुलाला, नोकरीस लागलेल्या मुलीला किंवा मांडवातल्या जावयाला एच. एम. टी. द्यावयाचे, ही अनेक घरांची रीतच होऊन बसली. पुढे सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली. शेजारच्या होसूरला टायटनचा कारखाना निघाला. आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तरीही तिची जुनी घड्याळे आजही पुष्कळ मनगटांवर चालत आहेत. असे का व्हावे, याचे उत्तर नव्या खरेदीदाराच्या फार उपयोगाचे आहे : ही घड्याळे उघडता येतात, पुसता येतात, आणि दुरुस्त करणारी माणसे गावोगाव होती.

आता स्वयंचलित घड्याळ म्हणजे काय, ते पाहू. त्याला सेल लागत नाही. आत एक अर्धवर्तुळाकार वजन असते, त्याला रोटर म्हणतात. हाताच्या हालचालीने तो फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती स्प्रिंग हळूहळू सुटत असता तिची शक्ती बॅलन्स-चाकाला मिळते. पुष्कळशा साध्या स्वयंचलित यंत्रांत हे चाक तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा ठोके देते. स्प्रिंग पूर्ण भरली, की घड्याळ सुमारे ४० तास चालते. म्हणूनच शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी कचेरीला निघताना थांबलेले आढळले, तर तो त्याचा दोष समजू नये. जे रोज घड्याळ बांधत नाहीत, त्यांना चावीचे किंवा साधे क्वार्ट्झ घड्याळच सोयीचे पडेल. आणि क्वार्ट्झ स्वस्तही असते.

वेळेच्या बाबतीतही अपेक्षा माफक ठेवावी. सिटिझनच्या मियोटा शाखेचे ८२१५ आणि सायकोचे एनएच३५ ही दोन जपानी यंत्रे आज अनेक नावांच्या माफक किमतीच्या घड्याळांत बसविलेली असतात. त्यांचे उत्पादक दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे इतका फरक मान्य करतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर ही चूक दोन हजारांत एकाहूनही कमी भरते. तरी आठवड्यातून एकदा वेळ जुळवावी लागणारच. जो हे मान्य करणार नाही, त्याने स्वयंचलित घड्याळाच्या वाटेस जाऊ नये.

देवराज मार्केटच्या परिसरात, किंवा ज्याचे नाव वाचून मराठी माणसाची पावले क्षणभर थबकतील त्या सयाजीराव रस्त्यावर, अथवा आपल्या गावच्या पेठेत, कोठेही दुकानात शिरा. पण तबकडीवरील नावाआधी यंत्राचे नाव विचारा. ते सांगता न येणाऱ्या दुकानदाराकडून घाईने खरेदी करू नये. दुसरा प्रश्न असा, की हे यंत्र उघडणारा घड्याळजी आपल्या गावात आहे काय? स्वयंचलित घड्याळाला साधारण पाच वर्षांनी सफाई आणि तेल लागते. खरेदीच्या किमतीत हा खर्चही मिळवावा, तेव्हाच ते आपल्याला परवडते की नाही, हे खऱ्या अर्थाने कळेल. तिसरा प्रश्न पाण्याचा. '३० मीटर' असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ पावसाचे थेंब आणि हात धुणे एवढाच घ्यावा. पोहण्यास ते घड्याळ नेऊ नये.

जुन्या एच. एम. टी. घड्याळांचा मोह अनेकांना होतो, आणि तो योग्यही आहे. मात्र सावध असावे. जुन्या केसमध्ये नवी छापलेली रंगीत तबकडी घालून ती 'न वापरलेली' म्हणून खपविण्याचा धंदा चालतो. केस झिजलेली आणि तबकडी मात्र चकाकणारी दिसली, की शंका घ्यावी. तबकडीवर स्वयंचलित असल्याचे छापले असेल, तर मागचे झाकण उघडून दाखविण्यास सांगावे. आत रोटर नसेल, तर चावीच्या घड्याळाला खोटे नाव दिले आहे, हे उघड होते. प्रामाणिक विक्रेता झाकण उघडण्यास कधीही नाही म्हणणार नाही.

घड्याळ घरी आल्यावर काही नियम पाळावेत. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेची चावी फिरवू नये. त्या वेळी तारीख बदलणारे दात गुंतलेले असतात आणि ते मोडू शकतात. ध्वनिक्षेपक, लोहचुंबक आणि चुंबकाच्या झाकणाची पाकिटे यांपासून घड्याळ दूर ठेवावे. ते एकाएकी फार पुढे धावू लागले, तर बहुधा चुंबकाचा परिणाम झालेला असतो आणि घड्याळजी तो काही क्षणांत काढून टाकतो. रात्री घड्याळ तबकडी वर करून ठेवले असता ते पुढे जात असेल, तर काही दिवस चावी वर करून ठेवून पाहावे. निरनिराळ्या स्थितींत त्याची चाल थोडी बदलते, आणि पुष्कळदा दिवसाची चूक रात्री भरून निघते.

पावती जपून ठेवावी आणि तिच्यामागे प्रत्येक सफाईची तारीख लिहीत जावे. उद्या ते घड्याळ मुलाच्या वा मुलीच्या मनगटावर गेले, तर त्याबरोबर तो कागदही द्यावा. पुढच्या घड्याळजीला त्या चार ओळींचा मोठा उपयोग होईल.