देवाधर्माचं विचारताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजीत मानसशास्त्र म्हटलं की लोकांना 'वेड्यांचा डॉक्टर' आठवतो. मी एम.ए.ला हा विषय घेतला तेव्हा शेजारच्या बायांनी आईला खोदून खोदून विचारलं, आता ही देव सोडणार का? आमचं घर महानुभाव पंथाचं. सकाळी उठलं की एकमेकांना 'दंडवत प्रणाम', देवघरात चक्रधरस्वामींचे विशेष, म्हणजे त्यांचा स्पर्श झालेल्या पूज्य वस्तू, आणि परमेश्वरावाचून दुसऱ्या कुठल्याही देवतेपुढे हात जोडायचे नाहीत हा दंडक. आजीने तर तरुणपणीच पंथाचा उपदेश घेतलेला. अशा घरातली पोरगी मनाचं शास्त्र शिकायला निघाली म्हणजे एक तर देव सोडणार, नाहीतर शास्त्र अर्धवट शिकणार, असा बायांचा हिशोब होता.

पहिल्या वर्षाची पुस्तकं वाचताना तो हिशोब मलाही काही काळ खरा वाटला. फ्रॉइडने १९२७ साली धर्माला भ्रम ठरवलं. असहाय लेकरू बापाचा आधार शोधतं, तसा माणूस देव शोधतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. विल्यम जेम्स वाचला तेव्हा जरा बळ आलं. एडिनबरोत दिलेल्या व्याख्यानांचं त्याचं पुस्तक १९०२ सालचं. धार्मिक अनुभव कुठून उगवतो यावर त्याची किंमत ठरवू नका, तो माणसाच्या जगण्यात काय पिकवतो ते बघा, असं तो सांगतो. पिकाची भाषा आमच्या तालुक्याला लवकर कळते.

मग ऑलपोर्ट आला. धर्म स्वतःच्या सोयीसाठी वापरणारे एका बाजूला आणि धर्म मनापासून जगणारे दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी, आणि ती मोजायला १९६७ साली रॉसबरोबर प्रसिद्ध केलेली प्रश्नावली. परीक्षेत मी ती नीट लिहिली. पण घाटंजीच्या बायांना मी त्या दोन खणांत बसवू शकले नाही. एकादशीच्या भजनाला जाणारी बाई विठ्ठलासाठी जाते, आणि सुनेपासून दोन तास सुटका मिळावी म्हणूनही जाते. तिच्या लेखी यात काही विसंगत नाही. मलाही ते विसंगत वाटत नाही. माणसांत बसायची ओढ आणि देवाची ओढ एकाच मनात असू शकते. तिथे सोयीला कमी दर्जा देणारी मांडणी मला शहरी आणि जरा कोरडी वाटते.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. मानसिक आजारात कुटुंबं देवस्थानाकडे का जातात, यावर काम करायचं माझ्या मनात होतं. गाईड मॅडम म्हणाल्या, आधी यावर कोणी काय केलंय ते बघून या. शोधता शोधता व्हिएडा स्कल्टन्स या ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा १९८७ सालचा लेख हाती आला. विषय होता महाराष्ट्रातलं एक महानुभाव मंदिर आणि तिथे आजारी माणसाला घेऊन राहणारी कुटुंबं. महानुभाव हा शब्द परदेशी संशोधन-पत्रिकेत छापलेला बघून मी लेख एका बैठकीत संपवला. बाईंनी नोंदवलं होतं की आजारी माणसाबरोबर आलेल्या बायकांच्याच अंगात येऊ लागतं. आई, बायको घरातल्याचा आजार स्वतःवर ओढून घेते, आणि त्यामुळे तो बरा होईल असं तिला वाटतं.

हे मी पाहिलं होतं. आमच्याच घरात घडलं होतं.

काकूला दुसऱ्या बाळंतपणानंतर त्रास सुरू झाला. बाळाला जवळ घेईना, रात्रभर उठून बसे, भिंतीकडे बघून पुटपुटे. गावात 'बाहेरचं' झालं अशी कुजबुज होती. यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि त्याच सुमारास आजी तिला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महानुभाव मंदिरात जाऊन राहिली. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत वडिलांबरोबर तिथे गेले. मंदिराच्या आवारात लांबच लांब पडवी, प्रत्येक कुटुंबाची एक चूल, एक पत्र्याची पेटी, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. विडा अवसराला, म्हणजे देवाला विडा वाहायच्या वेळी, सगळे देवाच्या ओट्यापुढे जमायचे. संध्याकाळच्या आरतीला घंटा घुमायला लागली की पडवीतल्या बायका एकेक करून डोलू लागत, केस मोकळे होत, कोणी किंचाळे, कोणी जमिनीवर हात आपटे. त्यांच्यात आमची आजी होती. घरी कधी चढ्या आवाजात न बोललेली आजी त्या दिवशी दगडी खांबाला धरून हुंदके देत होती, आणि काकू बाळाला मांडीवर घेऊन शांतपणे तिच्याकडे बघत होती. आरती संपली तशी आजी उठली, केस बांधले, आणि चुलीवर भाकरी टाकायला बसली.

प्रबंधासाठी मी आजीला त्याबद्दल विचारलं तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "तिचं थोडंसं मी घेतलं माह्या अंगावर, तं तिले हलकं वाटलं. दुसरं का करणार होतो आपण?" गोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, त्या तिच्या पदराच्या गाठीला होत्या, रोज वेळेवर दिल्या. मंदिरातल्या बाबांनी गोळ्या बंद करा असं एकदाही सांगितलं नव्हतं. देवाने बरं केलं की डॉक्टरने, हा प्रश्न तिला पडलेलाच नव्हता. मी विचारला तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाऊस महत्त्वाचा की बियाणं असं मी विचारलं होतं.

काकूचं म्हणणं मात्र वेगळंच निघालं. इतकी वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आजीच्या अंगात येत होतं त्याचं मले तेव्हा भ्याव वाटे. पण तिथं मले कोणी काम नाही सांगे. झोप आली तं झोपू देत. बारा माणसाचा सैपाक नाही, सरकी नाही, ढोरं नाही. मी तं लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा दुपारी झोपली."

हे वाक्य मी वहीत उतरवलं तेव्हा शुभा रंगनाथन यांचा लेख वाचलेला होता. त्यांनीही महानुभाव मंदिरांतच काम केलं आहे, आणि २०१५ च्या आसपासच्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच खाणं, अंगात येणं आणि झोपणं या तिन्ही गोष्टी एका ओळीत आहेत. मंदिर हे बाईला मिळालेली एक जागा आहे, आणि त्या जागेतच बरं करण्याची ताकद आहे, असं त्या मांडतात. काकूने त्यातलं अक्षरही न वाचता तेच सांगितलं. आजीच्या लेखी आजार वाटून घेतला गेला, काकूच्या लेखी कामातून सुटका झाली, डॉक्टरांच्या कागदावर बाळंतपणानंतरचा तीव्र आजार औषधाने आटोक्यात आला. प्रबंधात मी तिन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीला दुसरीत विरघळवलं नाही. आणखी एक गोष्ट मी तिथे लिहिली, आणि ती आजही मला टोचते: दुखणं अंगावर घेणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. काका दर पंधरवड्याला पैसे आणि किराणा घेऊन यायचे, पण आरतीला ओट्यापुढे डोलणाऱ्यांत पुरुष अगदी विरळा. श्रद्धेचा आधार घरातल्या सगळ्यांना मिळतो, त्याची किंमत मात्र बहुधा एकटी बाई मोजते.

देवस्थान म्हटलं की सगळं असंच मायेचं असतं असं मी म्हणणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. हा धडा शिकताना मला दोन दिवस जेवण गेलं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला देशभर बंदी आहे. या कायद्यांच्या बाजूने मी पूर्णपणे उभी आहे. कोणा मांत्रिकाने औषध बंद करायला सांगितलं तर मी त्या घरी जाऊन भांडते. पण दवाखाना आणि देऊळ यांतलं एकच निवडा अशी सक्ती केली तर आमच्याकडची माणसं देऊळ निवडतील आणि दवाखान्याकडे पाठ फिरवतील, हेही मला दिसतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते, प्रकल्पानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातल्याच माणसांनी, गावच्याच बोलीत, ताण आणि झोप यांच्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प' आला तेव्हा आशाताई हेच करायला घरोघर गेल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा विश्वास आहे का?" मी म्हटलं, आहे, मी महानुभाव आहे. मग ते म्हणाले, मग तटस्थ कशा राहाल? मी सांगितलं की ज्याचा कशावरच विश्वास नाही त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. सर हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला मात्र त्यांचा प्रश्न हवा होता, कारण त्याचं खरं उत्तर मला पुढे घाटंजीत काम करताना द्यावं लागलं.

आता मी इथे समुपदेशन करते. पहिल्या भेटीत झोप, भूक, शेती, कर्ज, दारू हे सगळं विचारते, आणि त्याच ओघात देवाधर्माचंही विचारते: घरात कोणाला मानता, अडचणीत कोणाकडे जाता, देवाबद्दल मनात काही राग किंवा भीती आहे का. शेवटचा प्रश्न मी मानसशास्त्रज्ञ पार्गामेंट यांच्या अभ्यासातून उचलला. संकटात देवाचा आधार वाटणं आणि देव आपल्याला शिक्षा करतोय असं वाटणं, या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि दुसरी माणसाला आतून पोखरते, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

पारव्याकडचे एक शेतकरी आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) झोप उडालेली, बोलताना नजर जमिनीवर. मुलगा झाला तर माहूरला पायी येऊन रेणुकामातेची ओटी भरीन असा त्यांचा नवस होता. मुलगा झाला, पण २०१७ च्या गुलाबी बोंडअळीने कपाशी गेली, पुढची वर्षंही तशीच, आणि नवस राहून गेला. आता मुलाला फिट येऊ लागल्या होत्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती: माय कोपली, पोराच्या जिवावर उठली. मरणाचे विचार येतात का, हे मी थेट विचारलं. हो म्हणाले.

माझ्या पंथात नवस बसत नाही. रेणुका आमच्यासाठी परमेश्वर नाही, देवता आहे, आणि देवतेकडे मागणं हे आजीने मला लहानपणापासून चूक म्हणून शिकवलेलं. माझ्यासमोर एक माणूस त्या देवतेच्या भीतीने झिजत होता, आणि मला पटणारी गोष्ट सांगून ती भीती एका वाक्यात उडवून द्यावी असा मोह होणं सोपं होतं. पण त्यांच्याकडून रेणुका काढून घेतली असती तर त्यांच्या हाती काय उरलं असतं? मी तसं केलं नाही. आधी यवतमाळला मुलाच्या फिट्सची तपासणी आणि त्यांची स्वतःची मानसोपचार तज्ज्ञांकडे भेट ठरवली, बायकोला बोलावून घेतलं, फवारणीचं औषध घरातून हलवायला लावलं. मग त्यांना विचारलं, या नवसाबद्दल तुम्ही कोणाचा शब्द मानाल? गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या एका म्हाताऱ्या भजनकऱ्यांचं नाव त्यांनी घेतलं. शेतकऱ्याच्या परवानगीने मी त्या बुवांना भेटले. बुवा दुसऱ्याच दिवशी शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले आणि माझ्या देखत म्हणाले, "माय हाय ते, सावकार नाही. व्याज नाही लावत. अन् पोराची फिट तं दवाखान्यात बरी होते, माह्या पुतण्याची झाली."

हे वाक्य मी बोलले असते तर त्याला काडीचीही किंमत आली नसती.

ते शेतकरी पुढे एसटीने माहूरला जाऊन आले, पायी नाही. बायकोने ओटी भरली. मुलाच्या फिट्स औषधाने कमी झाल्या आहेत. ते स्वतः महिन्याला यवतमाळला जातात, आणि घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन अर्धा तास बसतात. झोप परतली आहे. देवीचा राग गेला का, असं मी मागच्या वेळी विचारलं तर म्हणाले, अजून मधूनमधून येतो तसा विचार, पण आता रात्री येत नाही. गोळ्या सुरू आहेत. त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील.