काडतूस निवडताना काय चुकलं

हिंजवडीतल्या कंपनीने मला ऑनसाइट म्हणून डेन्व्हरला पाठवलं आणि तिथला मुक्काम वर्षानुवर्षं लांबत गेला. शिकारीची ओढ मात्र मी इथूनच नेली होती. शाळेत असताना जिम कॉर्बेट झपाटल्यासारखा वाचला होता. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल माझ्या मनात घर करून बसली होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटत नेला, आणि तो मिटला हे योग्यच झालं असं मी मानतो. कोलोरॅडोतली व्यवस्था वेगळी आहे. तिथे एल्क या मोठ्या हरणाच्या कळपांचा अंदाज घेऊन राज्य सरकार दर वर्षी परवाने ठरवतं आणि शिकारी मांस घरी नेऊन पुढच्या हंगामापर्यंत खातो. मी अभ्यासक्रम पूर्ण करून सुरक्षा-प्रशिक्षणाचं कार्ड मिळवलं, मग शिकारीचा परवाना काढला. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक.

पहिले काही हंगाम मी शेजाऱ्याच्या जुन्या .३०-०६ रायफलीवर काढले. हे काडतूस १९०६ सालचं, अमेरिकी लष्कराचं. तिथे गावोगावच्या दुकानात ते मिळतं. त्या रायफलीने मला कधी दगा दिला नाही. तरीही २०१८ साली मी स्वतःसाठी रायफल बनवून घ्यायची ठरवली आणि काडतूस निवडलं ७×६४ ब्रेनेके. पुढचं सगळं या एका निवडीतून घडलं.

निवडीमागे भावना होती आणि तिला मी आकड्यांचा आधार दिला. कॉर्बेटची .२७५ म्हणजे मुळात जर्मन ७×५७ माउझर. ब्रिटिशांनी तिला आपलं नाव दिलं एवढंच. त्याच ७ मिलिमीटर व्यासाची गोळी जास्त दारूच्या, लांब पुंगळीत बसवून लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १९१७ साली ७×६४ घडवलं. म्हणजे कॉर्बेटच्या काडतुसाचं थोरलं भावंड. गोळी सपाट मार्गाने जाते, धक्का सोसण्याजोगा, आणि युरोपात शंभर वर्षं हरणं, रानडुकरं यांच्यावर पारखलेली. तक्ते चाळताना मला हे सगळं दिसलं. त्याच तक्त्यात शेजारच्या ओळीत .२७० विंचेस्टर आणि .२८० रेमिंग्टन होती. यातली पहिली १९२५ची, दुसरी १९५७ची. ७×६४ आणि .२८० रेमिंग्टन यांच्यात प्रत्यक्ष शिकारीत जाणवेल असा फरक नाही. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो, कारण मला हवं ते उत्तर आधीच ठरलेलं होतं.

युरोपात हे काडतूस इतकं चालतं तर का चालतं, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. उत्तर फ्रान्समध्ये सापडलं असतं. तिथे दीर्घकाळ लष्करी काडतुसांच्या रायफली सामान्य नागरिकाला सहज घेता येत नव्हत्या. ७×५७, ८×५७, .३०-०६ ही सगळी लष्करी. ७×६४ कुठल्याच सैन्याचं नव्हतं, म्हणून फ्रेंच शिकाऱ्यांनी ते उचललं. त्याच्या लोकप्रियतेत गुणाइतकाच कायद्याचा वाटा होता. अमेरिकेत तो कायदा नव्हता, त्यामुळे ती गरजही नव्हती आणि दुकानात ते काडतूसही नव्हतं.

गनस्मिथ अनुभवी होता. त्याने सुरुवातीलाच विचारलं, ‘याची काडतुसं तू कुठून आणणार?’ मी जर्मन, स्वीडिश, चेक, सर्बियन कंपन्यांची नावं घेतली. हे सगळे ७×६४ बनवतात ही माझी माहिती खरी होती. पण बनवणं आणि आपल्या गावात मिळणं यांत समुद्र असतो. त्याने .२८० सुचवली. मी ऐकलं नाही.

काम सुरू झाल्यावर एकेक गोष्ट समोर येत गेली. चेंबर कोरायला लागणारा रीमर आणि त्याची मापं तपासणारे गेज वेगळे मागवावे लागले. मी जुनी माउझर ९८ची ॲक्शन निवडली होती. बोल्टचं तोंड जुळलं, कारण ७×६४च्या पुंगळीचं बूड त्याच घराण्यातलं, जेमतेम १२ मिलिमीटरचं. मॅगझिनचं मात्र जुळेना. ती पेटी मुळात ८×५७ काडतुसासाठी, ज्याची कमाल लांबी ८२ मिलिमीटर. ७×६४ची कमाल लांबी ८४. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं होतं. तेवढ्यासाठी पेटी वाढवावी लागली, पुढचा उतार घासावा लागला आणि काडतूस सुरळीत वर सरकेपर्यंत रायफल पुन्हा पुन्हा खोलावी लागली. आणखी एक चूक माझी एकट्याची. मी चेंबरचा घसा लांब, जड गोळ्यांच्या बेताने कोरायला सांगितला. नंतर बाजारात हाती लागल्या त्या हलक्या, आखूड गोळ्या. त्या पुढे काढून बसवाव्यात तर मॅगझिनमध्ये मावेनात, आत बसवाव्यात तर नळीतल्या आट्यांपर्यंत पोचायला त्यांना मोठी उडी घ्यावी लागे. नेमातला सारखेपणा तिथेच गेला.

रायफल दिसायला देखणी झाली होती. अक्रोडाचा दस्ता, हाताला बसणारा तोल. पहिल्या दोन हंगामांत एका जर्मन कंपनीच्या काडतुसांवर तिने चांगलं काम दिलं. मग २०२० उजाडलं. महामारीत अमेरिकेत काडतुसं आणि प्राइमर यांची अशी टंचाई झाली की .३०-०६सुद्धा लोक रांगा लावून घेऊ लागले. कारखाने आधी खपणारा माल काढत होते आणि दुर्मिळ काडतुसं यादीत शेवटी गेली. माझी जर्मन काडतुसं मिळेनाशी झाली.

मी मग पुंगळ्या घरी बनवायला घेतल्या. .३०-०६ची पुंगळी साच्यातून दाबून ७×६४ करता येते, असं वाचलं होतं. करून पाहिली आणि कॅलिपर लावला. .३०-०६ची मूळ लांबी ६३.३५ मिलिमीटर, त्यामुळे मान अर्ध्या मिलिमीटरहून अधिक आखूड राहिली. बुडाचा घेर किंचित जास्त, काही पुंगळ्या चेंबरमध्ये घट्ट बसत आणि बोल्ट मिटताना जोर लागे. पण खरी भीती वेगळीच होती. पुंगळीच्या बुडावर ठसा होता .३०-०६चा आणि आत काडतूस होतं ७×६४. शेजाऱ्याच्या आणि माझ्या पेट्या एकाच टेबलावर असत. ठशावर विसंबून कोणी ते आपल्या .३०-०६मध्ये भरलं असतं तर पुंगळी आत फाटून गरम वायू मागे येऊ शकले असते. हे लक्षात आलं त्या दिवशी मी सगळ्या पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या. काडतुसाच्या बाबतीत ठसा खोटा असता कामा नये.

उरला पर्याय दुसऱ्या कंपनीच्या थोड्याशा काडतुसांचा. महाग आणि मोजकी. म्हणून मी ती जपून वापरू लागलो. याहून मोठी चूक मी केली नाही. नव्या काडतुसाची गोळी वेगळ्या वजनाची, दारू वेगळी, त्यामुळे नळीचं कंपनही वेगळं. गोळी पूर्वीच्याच जागी लागेल असं गृहीत धरता येत नाही. दुर्बीण नव्याने बसवून, वेगवेगळ्या अंतरांवर, बसून, गुडघ्यावर, उभं राहून भरपूर मारून पाहावं लागतं. मी टेबलावर रायफल टेकवून शंभर यार्डांवर थोड्याच गोळ्या मारल्या आणि उरलेली काडतुसं शिकारीसाठी राखून ठेवली.

२०२१च्या नोव्हेंबरात ॲस्पेनच्या उतारावर, उजाडताना, एक मादी एल्क समोर आली. अंतर दीडशे यार्डांच्या पुढे, ती डावीकडे तोंड करून उभी. मी खांद्यामागचा नेम धरला आणि चाप ओढला. ती पाठ कमानीसारखी उचलून झाडीत गेली. जागेवर गेलो तेव्हा बर्फावरचं रक्त काळपट होतं आणि त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे कण होते. शेजाऱ्याने ते पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘आत्ता मागे लागायचं नाही. धावडवलं तर ती मैलोन् मैल जाईल.’ गोळी फुप्फुसाऐवजी पोटात लागली होती. आम्ही काही तास थांबलो, मग मागावर निघालो. दुपार कलताना ती एका पडलेल्या झाडाआड बसलेली सापडली, जिवंत. शेजाऱ्याने .३०-०६ने तिला सोडवलं. त्या तासांतला तिचा प्रत्येक क्षण माझ्या खात्यावर आहे.

परत येऊन उरलेली काडतुसं दोनशे यार्डांवर मारून पाहिली. गोळ्या नेमाच्या चार बोटं उजवीकडे आणि विखुरलेल्या. त्यात सराव नसल्यामुळे चाप ओढताना माझा खांदा दचकत होता. दोन्ही दोष सरावाने महिनाभर आधी दिसले असते. सराव झाला नाही, कारण काडतूस मिळत नव्हतं. काडतूस मिळत नव्हतं, कारण मी ते निवडलं होतं. ब्रेनेकेच्या काडतुसाला यात मी तीळभरही दोष देत नाही. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्यासाठी ते आजही उत्तम आहे.

पुढच्या वर्षी कायमचं पुण्याला परतायचं ठरलं. रायफल सोबत आणायचा विचार केला. नियमांत वाट होती, पण अरुंद: परदेशात किमान वर्षभर स्वतःकडे असलेली, परवानगीच्या बोअरची एकच बंदूक, इथला शस्त्र-परवाना हाती असेल तर, आणि नंतर हयातभर ती विकता येणार नाही. एवढं करून इथे तिच्यात घालणार काय? मी ती शेजाऱ्याला दिली. त्याने नळी काढून .३०-०६ची बसवली. बोल्ट तोच चालला. ७×६४ची नळी भंगारात गेली.

हिंजवडीत आल्यावर एक गोष्ट मला नव्याने कळली. आपल्याकडे परवान्याच्या रायफलींत सर्वात ओळखीची म्हणजे .३१५. तिचं मूळ ऑस्ट्रियाचं ८×५०आर मानलिखर हे जुनं लष्करी काडतूस. युरोपात ते केव्हाच मागे पडलं. भारतात ब्रिटिशांनी लष्करी .३०३वर निर्बंध घातले, तेव्हा .३१५च्या रायफली इथे आल्या, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी रायफल आणि काडतूस दोन्ही चालू ठेवलं. युरोपात अस्तंगत झालेलं काडतूस इथे सर्वसामान्य झालं ते कायद्यामुळे आणि कारखान्यामुळे. काडतूस दुर्मिळ आहे की सर्रास, हे आपण राहतो त्या मुलखावर ठरतं.

आता मी हिंजवडीहून जवळच असलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या रेंजवर मुलांचा सराव बघतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे इथे सराव करत असे आणि २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्या प्रकारात जगातला प्रत्येक नेमबाज .२२ लाँग रायफल हेच काडतूस वापरतो, १८८७ सालचं. कोणाकडे वेगळं काडतूस नाही. फरक पडतो तो रोज मारलेल्या गोळ्यांचा आणि आपल्या नळीला मानवणारा एकच लॉट निगुतीने शोधण्याचा.

परदेशी जाणारे तरुण सहकारी कधी रायफलीबद्दल विचारतात. त्यांना मी सांगतो, आधी राहणार त्या गावातल्या दुकानाची फळी बघा. टंचाईच्या वर्षातही जे काडतूस तिथे उरेल आणि ज्याच्यावर हात राखून न ठेवता सराव करता येईल, ते घ्या. आवडीचा दस्ता, आवडीची दुर्बीण, हवी तशी घडण, यात मन खुशाल रमवा. समोरच्या जनावराला एकाच गोळीत, वेदनेविना मरण देणं हे शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि ते सरावाशिवाय पार पडत नाही.