दोनशे अठ्ठेचाळीस एमबी

अब्बांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आमच्या घरात चहाचं आधण चढतं. हा आमच्याकडचा जुना विनोद. चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ यायचं बाकी असायचं. विंडोज एक्सपी. २००५ साली भाईने कुवेतहून पैसे पाठवले आणि हे यंत्र कशेडीला आलं. घर घाटातच. तेव्हा बोगदा नव्हता. रात्रभर ट्रकचे ब्रेक ऐकू यायचे आणि त्यात अब्बांच्या कीबोर्डचा आवाज.

अब्बा शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर जमातीच्या जुन्या वह्या त्यांनी टाइप करायला घेतल्या. कोणाचा निकाह कधी झाला, मेहर किती ठरली, साक्षीदार कोण, कब्रस्तानात कोणाला कधी दफन केलं. सर्वांत जुनी वही उर्दूत, पुढच्या दोन मराठीत. अब्बांनी सगळं मराठीत उतरवलं. श्रीलिपीचा फॉन्ट, पेजमेकरचं पान, एका बोटाने टाइपिंग. हे काम सात-आठ वर्षं चाललं. आम्ही मुलं आपसात हसायचो. निकाह झालेले संसार करतायत, गेलेले गेले, आता ही यादी कोण बघणार?

जून २०२१ मध्ये त्या तिन्ही वह्या बांधणीसाठी महाडला दिल्या. पुठ्ठ्यांना वाळवी लागली होती. २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, त्यामुळे वह्यांबद्दल बोलायचीही लाज वाटत होती. आठवड्याने मी गेलो. दुकानात गुडघाभर चिखल होता. बांधणीवाल्याने काहीच न बोलता एक गठ्ठा पुढे केला. पानं एकमेकांत मिसळून त्याची वीट झाली होती.

आणि मग लोक येऊ लागले. महाडात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची कागदपत्रं गेली होती. कोणाला निकाहाची तारीख हवी, कोणाला साक्षीदारांची नावं. एक बाई आली, तिला नवऱ्याच्या दफनाचा दिवस हवा होता. पुढचा अर्ज करायचा तर आधी तारीख तरी नेमकी सांगता यायला हवी. दिवस पावसाळ्यातला होता एवढंच तिला आठवत होतं. अब्बा म्हणाले, ‘‘बस बेटी, काढतो.’’ कॉम्प्युटर सुरू झाला. फाइल उघडली. चाळीसाव्या पानाशी बाण गोल फिरायला लागला आणि तिथंच थांबला. बाई मगरिबपर्यंत बसली आणि उद्या येते म्हणून गेली.

मी आधी फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या. पण त्या माझ्या लॅपटॉपवर उघडल्या तर नुसती किड्यामुंग्यांची रांग. युनिकोडच्या आधीच्या मराठीची ही गत आहे. अक्षर म्हणून जे दिसतं ते आतून भलत्याच इंग्रजी चिन्हांनी साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांनी आमची जोडाक्षरं फोडली. माणसांच्या नावांत असली चूक कशी चालेल? श्रीलिपी तर मागे खोचलेल्या डोंगलशिवाय चालत नाही, आणि त्या डोंगलला लागणारं रुंद पोर्ट नव्या यंत्रांना नसतंच. म्हणजे जुनं यंत्र, जुनी विंडोज, तिथंच सगळ्या पानांची पीडीएफ करायची. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, मग ती कुठेही उघडते.

ज्याला विचारावं तो सांगायचा, ‘‘नवा घ्या.’’ एकाने तर विंडोज टेन टाकून देतो म्हटलं. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेची डागडुजी मिळत नाही हे खरं. पण अब्बांच्या यंत्राला इंटरनेटची तारच नव्हती, त्याला कोण गाठणार?

दुखणं कुठं आहे ते शोधायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर दोन आकडे बघायचे असतात: फिजिकल मेमरीचा टोटल आणि कमिट चार्जचा पीक. पीक टोटलच्या वर गेला असेल तर यंत्राने पदराबाहेर खर्च केलाय असं समजा. आमचा पीक दुपटीच्या पुढे होता. अम्मीला समजावलं ते असं: हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, मेमरी म्हणजे ओटा. ओटा छोटा असला की कांदा चिरायला पीठ उचलून कोठीत ठेवायचं, मग पीठ मळायला कांदा. सगळा वेळ ये-जा करण्यात. कॅबिनेटमधून जी कटकट ऐकू येते ती हीच ये-जा. अम्मी म्हणाली, ‘‘मग ओटा मोठा करा, घर कशाला पाडताय?’’

गणपतीची गर्दी ओसरल्यावर मुंबईला गेलो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. आणि इथं मी शहाणपणा केला. जुनी पट्टी सोबत नेली नाही. ‘‘पी-फोरची रॅम द्या’’ म्हटलं, दुकानदाराने एक जीबीची पट्टी दिली, मी खुशीत घरी. इथं खाच जुळेना. मी आणलेली डीडीआर-टू, २४० पिनांची. आमच्या बोर्डाला हवी साधी डीडीआर, १८४ पिनांची. दोघींची लांबी सारखीच, म्हणून फसायला होतं. खाच मात्र मुद्दाम वेगळ्या जागी कापलेली असते. जोर लावला असता तर बोर्डच गेला असता. अब्बांनी मान हलवली आणि बालपणापासून ऐकलेलं वाक्य पुन्हा ऐकवलं, ‘‘आधी वाचावं, मग उत्तर लिहावं.’’

दुसऱ्या खेपेला जुनी पट्टी रुमालात गुंडाळून नेली. चौथ्या दुकानात, डब्यातल्या पन्नास पट्ट्या उलथल्यावर ५१२ एमबीची जोडीदार मिळाली. वापरलेली, साडेचारशे रुपये. नवीची गती जास्त होती, पण दोन वेगळ्या गतींच्या पट्ट्या शेजारी बसवल्या की दोघी हळूच्या चालीने चालतात. आम्हाला घाई कुठं होती.

वायर काढून कॅबिनेट उघडलं. पुस्तकं सांगतात, आधी धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज पट्टीला मारते. लावला. पण कोकणात खरा शत्रू दमट हवा. जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. अब्बांनी कंपासपेटीतलं खोडरबर दिलं. हलक्या हाताने पुसलं, दोन्ही पट्ट्या खटका बसेपर्यंत दाबल्या, बटण दाबलं. लांब बीप. पुन्हा लांब बीप. माझ्या पोटात गोळा आला. नवी पट्टी काढून परत बसवली. एका बाजूचा खटका अर्धाच लागला होता. या वेळी एकच छोटी बीप, आणि टेकडी चहा उकळायच्या आत आली.

अब्बांनी माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. ‘‘दोनशे छप्पन अधिक पाचशे बारा किती?’’

‘‘सातशे अडुसष्ट.’’

‘‘इथं सातशे साठ लिहिलंय. आठ कुठं गेले?’’

चित्र दाखवणारी चिप वेगळी नाही, ती बोर्डातच आहे आणि आपल्यापुरते आठ एमबी त्याच मेमरीतून काढून घेते. पूर्वीही २५६ च्या जागी २४८ च दिसायचे, आम्ही कधी बघितलं नव्हतं. मी हे सगळं सांगितलं. जमातीचा हिशेब ज्यांनी वीस वर्षं पैशापैशाने ठेवला त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

पीडीएफला पाऊण तास लागला. दहा-दहा पानांचे तुकडे करून जुन्या मेमरीवरही जमलं असतं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. असो. ३१२ पानं झाली. एक प्रत माझ्याकडे, एक भाईकडे कुवेतला, एक मशिदीच्या कपाटात, छापून.

ती बाई पुन्हा आली. तिच्या नवऱ्याची ओळ सापडली: तारीख, वार, आणि पुढे कंसात अब्बांनी वहीतून जसंच्या तसं उतरवलेलं, ‘‘जोराचा पाऊस, खड्ड्यात पाणी, दोनदा उपसलं.’’ तिने ते पान मागून घेतलं. तारीख तिने बघितलीच नाही, कंसावर बोट ठेवून बसली. अब्बा पडद्याकडे वळले आणि मला म्हणाले, ‘‘दोनशे तेरा पानावर ‘ज्ञ’ नीट उमटलाय का बघ.’’